बटण चालू, पण मोटर?

हरभऱ्याचे ओलित सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत संध्याकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "या आठवड्यात लाईन दिवसाची का रात्रीची?" शेतीपंपांना लागणारी थ्री-फेज वीज चोवीस तास नसते. ती काही तासच मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी दिवस आणि रात्र अशा पाळ्यांनी मिळते. रात्रीची पाळी आली की कोणाला तरी बॅटरी घेऊन वावरात जावे लागते. वाटेत विंचू-काटा असतो, ओल्या जमिनीत उघड्या तारेची भीती असते आणि जंगलालगतच्या गावांत जनावराचीही. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्याआधीच्या काळात त्या पट्ट्यात रात्रीचे ओलित म्हणजे काय होते, ते तिथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषी वाहिनीसारख्या योजना २०१७ पासून आल्या. त्याच्याही आधीपासून एक वेगळा उपाय शेतात पोचला होता : मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले 'नॅनो गणेश' हे अशा उपकरणांपैकी एक. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज अशी उपकरणे अनेक प्रकारची आहेत. स्टार्टरच्या पेटीत एक छोटा खोका बसवतात, त्यात सिमकार्ड असते. शेतकरी घरून फोन करतो, निरोप पाठवतो किंवा मोबाईलच्या पडद्यावरचे एक बटण दाबतो आणि दोन किलोमीटरवरची मोटर सुरू होते.

किंवा होत नाही. बटण मात्र हिरवे होऊन "चालू" दाखवत राहते. सकाळी वावरात जाऊन पाहावे तर जमीन कोरडी. कधी याच्या उलटही होते. बटण "बंद" म्हणते आणि मोटर रात्रभर चालून हरभऱ्याच्या सरींत पाणी साचवते. काळ्या जमिनीत हरभऱ्याला पाणी जास्त झाले की पीक पिवळे पडते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना पुस्तकाविना ठाऊक असते.

एका बटणाला खोटे बोलायला काय कारण असावे? त्याचे उत्तर शोधताना विद्युत्-चुंबक, तर्कशास्त्र, सम-विषम संख्या आणि थोडी संभाव्यता अशा शाळेतल्याच गोष्टी हाताशी येतात. म्हणून हा विषय वर्गात नेण्यासारखा आहे.

बटणांच्या चार जाती

आधी आपल्या आजूबाजूची बटणे नीट पाहू.

पहिली जात दारावरच्या घंटीची. बोट ठेवले तोवर घंटी वाजते, उचलले की थांबते. या बटणाला स्मृती नाही.

दुसरी जात भिंतीवरच्या दिव्याच्या खटक्याची. तो दोन स्थितींत राहू शकतो आणि ठेवाल त्या स्थितीत राहतो. स्मृती त्याच्या अंगातच आहे आणि ती डोळ्यांना दिसते. भारतात खटका खाली म्हणजे चालू, अमेरिकेत वर म्हणजे चालू. हा केवळ संकेत आहे, पण तो एकदा ठरला की खटक्याकडे पाहून अवस्था सांगता येते.

तिसरी जात टीव्हीच्या रिमोटवरच्या तांबड्या बटणाची. एकदा दाबले की चालू, पुन्हा तेच दाबले की बंद. याला टॉगल बटण म्हणतात. आपण त्याला आलटपालट बटण म्हणू. इथे रिमोटकडे पाहून टीव्ही चालू आहे की बंद, हे कळत नाही. स्मृती टीव्हीत आहे, बटणात नाही. खटक्याच्या बॉलपेनचे बटणही याच जातीचे. फरक एवढाच की पेनची निब बाहेर आहे की आत, ते आपल्याला समोरच दिसते.

चौथी जात शेतीपंपाच्या स्टार्टरची. तिथे दोन बटणे असतात : हिरवे चालू करायला आणि तांबडे बंद करायला. हिरवे दहा वेळा दाबले तरी मोटर चालूच राहते. तांबडे दहा वेळा दाबले तरी ती बंदच राहते.

मोबाईलच्या पडद्यावर जागा कमी असते. त्यामुळे तिथे बहुतेक वेळा तिसऱ्या जातीचे, म्हणजे आलटपालट बटण काढले जाते. शेतातल्या पेटीत मात्र चौथ्या जातीची यंत्रणा असते. या दोन जातींचा संसार लावताना भांडणे होतात.

स्टार्टरची स्मृती

स्टार्टर उघडलेला पाहण्याची संधी मिळाली तर (मेन स्विच बंद करून, जाणत्या माणसाकडूनच) विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. आत एक विद्युत्-चुंबक असतो. हिरवे बटण दाबले की त्याच्या कॉइलमधून वीज वाहते, चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि मोटरचे तीनही फेज जोडले जातात. पण हिरवे बटण घंटीच्या जातीचे आहे. बोट उचलल्यावर कॉइलची वीज का जात नाही?

कारण पट्टी ओढली जाताना आणखी एक लहान जोड जुळतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बोट उचलले तरी वीज या दुसऱ्या वाटेने कॉइलला मिळत राहते. म्हणजे चुंबक स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. तांबडे बटण ही वाट तोडते आणि चुंबक पट्टी सोडून देतो. वायरचा एक तुकडा आणि एक जोड, एवढ्यात "मला चालू सांगितले होते" ही गोष्ट लक्षात ठेवली जाते.

संगणकातली स्मृतीही याच कल्पनेवर उभी आहे. विल्यम एकल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये निर्वात नळ्या वापरून दोन स्थिर अवस्थांचे मंडळ बनवले. आज त्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. त्याच्या नंतर झालेल्या प्रकारांत स्टार्टरसारखे दोन स्वतंत्र आज्ञांचे मंडळ आहे, तसे एकाच आज्ञेने आलटपालट होणारेही आहे.

स्टार्टरच्या स्मृतीचा आणखी एक गुण आहे. लाईन गेली की कॉइलची वीज जाते आणि पट्टी सुटते. लाईन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली सुरक्षितता आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

पाटीवर काय लिहायचे?

आता मोबाईलचा पडदा पाहा. त्यावर एक बटण आहे आणि त्यावर लिहिले आहे, "बंद". याचा अर्थ काय? मोटर बंद आहे, की हे दाबले तर मोटर बंद होईल?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि ते एकमेकांच्या नेमके उलट आहेत. पहिल्या अर्थाने मोटर आत्ता बंद आहे, दुसऱ्या अर्थाने ती आत्ता चालू आहे. दुकानाच्या दारावरच्या "बंद" या पाटीबद्दल असा घोटाळा होत नाही, कारण पाटी दाबायची नसते. आलटपालट बटणावर मात्र एकाच जागेला दोन कामे सांगितलेली असतात : बातमी द्यायची आणि आज्ञाही घ्यायची.

रंगाने हा प्रश्न सुटत नाही. स्टार्टरवर हिरवे बटण म्हणजे "दाबा म्हणजे चालू होईल" आणि दिव्याचा हिरवा म्हणजे "चालू आहे". शिवाय काही जणांना, त्यांत बहुतेक पुरुष, तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही.

मराठीपुरता तरी उपाय सोपा आहे. बातमीला "आहे" लावावे, आज्ञेला "करा" लावावे आणि दोघांना वेगळी जागा द्यावी. वर ओळ : "मोटर चालू आहे." खाली बटण : "मोटर बंद करा." विद्यार्थ्यांना क्रियापदाचे अर्थ शिकवताना आपण विधानार्थ आणि आज्ञार्थ सांगतो. त्या व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

"उलट कर" आणि "चालू कर"

पाटी सुधारली तरी पुढची अडचण निरोपाची आहे. बटण दाबले की मोबाईल शेतातल्या खोक्याला निरोप पाठवतो. हा निरोप दोन प्रकारचा असू शकतो. एक : "आहे त्याच्या उलट कर." दुसरा : "चालू कर" किंवा "बंद कर". घरात बसून पाहिले तर दोन्ही सारखेच वाटतात. फरक पडतो तो निरोप वाटेत हरवला किंवा दोनदा पोचला म्हणजे.

शेतात रेंज बेताचीच असते. निरोप हरवणे तिथे रोजचेच. कधी उत्तर आले नाही म्हणून मोबाईल तोच निरोप पुन्हा पाठवतो आणि पहिलाही उशिरा का होईना पोचतो. "चालू कर" दोनदा पोचले तर काही बिघडत नाही. "उलट कर" दोनदा पोचले तर मोटर चालू होऊन लगेच बंद होते. एकच मिस्ड कॉल आला की मोटरची अवस्था उलटायची, अशा बेताची जुळणी असेल तर हीच अडचण येते. रिंग गेली की नाही या शंकेने माणूस पुन्हा फोन लावतो आणि आपलेच काम आपणच मोडतो.

गणिताच्या भाषेत "उलट कर" म्हणजे वजा एकने गुणणे. दोनदा गुणले की मूळ संख्या परत येते. किती वेळा गुणले ते सम की विषम, यावरच उत्तर ठरते. "बंद कर" म्हणजे शून्याने गुणणे. एकदा गुणा की दहा वेळा, उत्तर शून्यच.

यातून एक मजेदार हिशेब निघतो. समजा दहातला एक निरोप हरवतो आणि मोबाईल स्वतःच्या मनाने दर वेळी बटण उलटे करून दाखवतो. एकदा बटण दाबल्यावर मोबाईल आणि मोटर यांच्यात विसंगती असण्याची शक्यता १० टक्के. दोनदा दाबल्यावर विसंगती केव्हा असेल? दोनपैकी नेमका एक निरोप हरवला तर. म्हणजे २ × ०.१ × ०.९ = ०.१८, अर्थात १८ टक्के. दोन्ही हरवले तर चुकून जुळते! हाच हिशेब पुढे नेला तर :

३ वेळा दाबल्यावर सुमारे २४ टक्के,
५ वेळा दाबल्यावर सुमारे ३४ टक्के,
१० वेळा दाबल्यावर सुमारे ४५ टक्के,
२० वेळा दाबल्यावर ४९ टक्क्यांच्या वर.

म्हणजे वीस वेळा दाबून झाल्यावर त्या बटणाकडे पाहणे आणि नाणे उडवणे यांत फारसा फरक उरत नाही. चुका साठत जातात आणि पुसल्या जात नाहीत.

आता "चालू कर" आणि "बंद कर" हे निरोप घ्या. विसंगती राहील ती फार तर शेवटचा निरोप हरवल्यामुळे. तिची शक्यता कधीच १० टक्क्यांवर जात नाही. मागचे किती हरवले याने काही फरक पडत नाही, कारण जो निरोप पोचतो तो मागची सगळी गफलत धुऊन काढतो. शिवाय हा निरोप निर्धास्तपणे तीनदा पाठवता येतो. एकेक निरोप स्वतंत्रपणे हरवतो असे धरले तर तिन्ही हरवण्याची शक्यता हजारात एक. "उलट कर" असे तीनदा पाठवण्याची कोणाची छाती होईल?

म्हणून पहिला नियम : पडद्यावर बटण आलटपालट दिसले तरी चालेल, पण त्यामागचा निरोप स्पष्ट असावा. "उलट कर" असे कधीही सांगू नये. काय हवे ते सांगावे.

दिव्याने साक्ष कोणाची द्यायची?

आता समजा, "चालू कर" हा निरोप पोचला. बटणाने लगेच हिरवे व्हावे का?

बटणापासून पाण्यापर्यंतची साखळी मोजून पाहा. बोटाने बटण दाबले. मोबाईलने निरोप पाठवला. खोक्याला तो मिळाला. खोक्यातला रिले जुळला. स्टार्टरच्या कॉइलने पट्टी ओढली. मोटरमध्ये वीजप्रवाह गेला. पाणी पाइपातून आले. यातली कोणतीही कडी तुटू शकते. एक फेज नसेल तर संरक्षक उपकरण मोटर सुरू होऊ देत नाही. विहीर आटली असेल तर मोटर फिरते पण पाणी येत नाही.

बटण हिरवे होते ते यांतल्या कोणत्या कडीवरून? बटण दाबल्याबरोबर होत असेल तर ते फक्त "तुम्ही मला दाबले" एवढेच सांगते. ते तर आपल्याला आधीच माहीत आहे! रिले जुळल्यावर होत असेल तर साक्ष थोडी पुढची झाली. मोटरच्या तारेभोवती बसवलेल्या संवेदकाने प्रवाह मोजून उत्तर पाठवले तर मोटर खरोखर चालते आहे, असे म्हणता येईल. त्यापुढची साक्ष पाण्याची. पाणी नसताना पंपावर भार कमी पडतो आणि मोटर नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेते. त्यामुळे प्रवाहाचा आकडा पाहून कोरडा पंपही ओळखता येतो.

हा फरक केवढा महाग पडू शकतो, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली आणि अणुभट्टीचे पाणी बाहेर जाऊ लागले. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून कर्मचाऱ्यांचा समज झाला की झडप बंद झाली आहे. दिवा बिघडलेला नव्हता. तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडप बंद होण्याची आज्ञा गेली की नाही, एवढेच तो दाखवत होता. पाणी जाणे थांबवायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तोवर इंधन उघडे पडून तापले होते. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळल्याचे पुढे उघड झाले. त्या अपघाताची कारणे अनेक होती, पण दिव्याची चुकीची साक्ष हे त्यांतले एक ठळक कारण.

म्हणून दुसरा नियम : आज्ञा दिली ही एक गोष्ट आणि काम झाले ही दुसरी. बटणाने दुसऱ्या गोष्टीची साक्ष द्यावी आणि ती शेताकडून आलेली असावी.

दोन नव्हे, चार अवस्था

असे म्हटले की लक्षात येते, मोटरच्या अवस्था दोनच असल्या तरी बटणाच्या अवस्था दोन पुरत नाहीत. निदान चार हव्यात.

१. मोटर बंद आहे (शेताकडून तसे कळले आहे).
२. मोटर चालू आहे (शेताकडून तसे कळले आहे).
३. निरोप पाठवला आहे, उत्तराची वाट पाहत आहे.
४. माहीत नाही.

बटण दाबले की पहिल्या अवस्थेतून थेट दुसरीत जायचे नाही, तिसरीत जायचे. "चालू झाली" असे उत्तर आले की दुसरीत. ठरावीक वेळात, समजा अर्ध्या मिनिटात, उत्तर आले नाही तर चौथीत. तिसऱ्या अवस्थेत बटण फिके दिसावे आणि पुन्हा दाबता येऊ नये, म्हणजे अधीर बोटाची सोय होते. चौथ्या अवस्थेत मात्र दाबता आले पाहिजे, पण ते "पुन्हा विचारा" अशा अर्थाने.

चार गोल काढून, त्यांच्यामध्ये बाण काढून, प्रत्येक बाणावर "काय घडले म्हणजे इकडून तिकडे जायचे" हे लिहिले की जे चित्र तयार होते, त्याला अवस्थाचित्र म्हणतात. संगणक-अभियंते पडद्यावर बटण काढण्याआधी हे चित्र काढतात. निदान काढायला हवे.

चौथी अवस्था दाखवायला अनेकांना संकोच वाटतो. "माहीत नाही" म्हणणारे यंत्र कमी दर्जाचे वाटते. पण विचार करा, लाईन गेली आहे, खोक्याची बॅटरीही उतरली आहे. अशा वेळी दुपारचे शेवटचे "चालू आहे" रात्री दहाला दाखवत राहणारे बटण बरे, की "माहीत नाही, शेवटची बातमी दुपारी २ वाजून १० मिनिटांची" असे सांगणारे बरे? दुसऱ्या बटणावर विसंबून माणूस ठरवू शकतो की आता वावरात जायचे की शेजाऱ्याला विचारायचे. बातमीला वेळ जोडली की तिचे मोल वाढते.

हीच गोष्ट एका पंपावर दोन मोबाईल असताना कामी येते. थोरल्या भावाने मोटर सुरू केली, धाकट्याच्या मोबाईलवर ती अजून बंदच दिसते आहे. प्रत्येक मोबाईल आपापल्या आठवणीवर चालला तर दोघांच्या दोन मोटरी होतात. खरी अवस्था एकाच ठिकाणी असावी, मोटरीपाशी. मोबाईलने तिची नक्कल दाखवावी, आणि उघडल्या उघडल्या आधी "आत्ता काय स्थिती आहे?" असे विचारावे. 'नॅनो गणेश'मध्ये वीज आहे का आणि पंप चालू आहे का, हे फोनवरून विचारण्याची सोय होती. साध्या बटणांच्या फोनवरही ही गोष्ट साधता येत होती. तिला चकचकीत पडदा लागत नाही.

लाईन परत आल्यावर

आता स्टार्टरच्या त्या सुरक्षिततेकडे वळू. लाईन गेल्यावर यंत्राने "मी चालू होते" हे लक्षात ठेवावे की विसरावे?

स्टार्टर विसरतो. पण रात्री दोनदा लाईन गेली तर दोनदा उठून जावे लागते. म्हणून शेतकऱ्यांनी ऑटोस्विच बसवले. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर यात गैर काही नाही. पण हिशेब सगळ्यांचा मिळून करावा लागतो.

५ अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण ७-८ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होण्याच्या क्षणी, थेट जोडली असेल तर, ती याच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, कारण थांबलेल्या मोटरमध्ये प्रवाहाला विरोध करणारा उलट दाब अजून तयार झालेला नसतो. समजा ६३ केव्हीएच्या एका डीपीवर असे दहा पंप आहेत. चालताना त्यांची गरज ७५ अँपिअरच्या आसपास. डीपीची क्षमता सुमारे ८४ अँपिअर. म्हणजे भागते. पण दहाही ऑटोस्विच एकाच क्षणी मोटरी सुरू करतात तेव्हा मागणी ४०० अँपिअरच्या वर उसळते. दाब घसरतो, दाब घसरल्यामुळे मोटरी वेग घ्यायला जास्त वेळ लावतात आणि तोवर जास्त प्रवाह ओढत राहतात. रोहित्रे नादुरुस्त होण्याच्या कारणांत हे एक कारण आहे. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करत आले आहे ते यासाठीच. डीपी जळाली की ऐन ओलितात दहाही जणांची पिके वाळतात.

मोबाईलच्या बटणापुढेही हाच प्रश्न येतो. मोबाईल बंद होऊन पुन्हा सुरू झाला, खोक्याची वीज जाऊन परत आली, तर जुनी आज्ञा पुन्हा अमलात आणायची का? घड्याळाचा गजर असेल तर होय. पंप असेल तर विचार करून. मधला मार्गही आहे. प्रत्येक खोक्याने लाईन आल्यावर वेगवेगळा वेळ, कोणी १ मिनिट तर कोणी ६ मिनिटे, थांबून मग मोटर सुरू करावी. सगळ्यांनी एकदम दारातून घुसण्याऐवजी रांगेने जावे, तसे.

इथेच एक इशारा विद्यार्थ्यांना जरूर द्यावा. मोबाईलवर "बंद" दिसते म्हणून पंपाला किंवा तारेला हात लावायचा नाही. दुरुस्तीपूर्वी पेटीजवळचा मेन स्विचच बंद केला पाहिजे, कारण दूर घरी बसलेले कोणी त्याच क्षणी बटण दाबू शकते. दुरून चालणाऱ्या यंत्राजवळ उभा असलेला माणूस पडद्यावर दिसत नाही.

बाक आणि हजेरीपट

शेवटी शाळेतलेच एक उदाहरण. हजेरी घेण्याचे एक मोबाईल ॲप आहे असे समजा. साठ मुलांची यादी, प्रत्येक नावापुढे हजर-गैरहजर असे आलटपालट बटण. पडद्यावर एका वेळी दहाच नावे मावतात. यादी वर सरकवली की खालची नावे दिसतात. अशा ॲपमध्ये एक चूक हमखास होते : तिसऱ्या मुलाला गैरहजर केले, यादी खाली सरकवली, तर पंधराव्या मुलाच्या नावापुढेही गैरहजर दिसू लागते!

याचे कारण असे की मोबाईल साठ ओळी तयार करत नाही. तो बारा-पंधरा ओळी बनवतो आणि वरून बाहेर गेलेली ओळ नवे नाव घालून खालून आत आणतो. पंगतीत ताटे धुऊन पुढच्या पंगतीला घेतात, तसेच हे. आता गैरहजेरीची खूण त्या ओळीवरच ठेवली असेल तर ती ओळीबरोबर दुसऱ्याच मुलाकडे जाते. एकाचे उष्टे ताट दुसऱ्यापुढे यावे, तसे.

उपाय आपल्या शाळांनी फार पूर्वीच शोधलेला आहे. मुलाची हजेरी आपण तो बसतो त्या बाकावर खडूने लिहीत नाही, हजेरीपटात त्याच्या नावापुढे लिहितो. मुलगा बाक बदलो, हजेरी त्याचीच राहते. ॲपमध्येही खूण मुलाच्या नोंदीत ठेवावी आणि प्रत्येक वेळी ओळ पडद्यावर येताना नोंद पाहून बटण रंगवावे. मोटर आणि मोबाईल यांचे नातेही याहून वेगळे नाही. मोटरीपाशी असलेली अवस्था हा हजेरीपट, पडद्यावरचे बटण हा बाक.

वर्गात करण्यासारखे

१. एका मुलाला "मोटर" करा. त्याच्या हातात पाटी द्या, एका बाजूला "चालू", दुसऱ्या बाजूला "बंद". दुसऱ्या मुलाला "मोबाईल" करून पाठमोरे उभे करा. मध्ये एक निरोप्या. त्याने दर वेळी फासा टाकावा, एक आला तर चिठ्ठी टाकून द्यावी. आधी फक्त "उलट कर" या चिठ्ठ्यांनी वीस वेळा खेळा, मग "चालू कर" आणि "बंद कर" यांनी. प्रत्येक फेरीनंतर दोघे जुळतात का, ते फळ्यावर लिहा. फाशावर निरोप हरवण्याची शक्यता सहात एक आहे. वरचा हिशेब त्याप्रमाणे बदलून पाहा.

२. जिन्यातला दिवा खालून आणि वरूनही चालू-बंद होतो. त्यातल्या एका खटक्याकडे पाहून दिव्याची अवस्था सांगता येईल का? दोन्ही खटके पाहता आले तर? दोन टू-वे खटके, एक सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन हे मंडळ जोडा आणि चारही स्थितींचा तक्ता करा.

३. घरातल्या सगळ्या बटणांची यादी करून चार जातींत वाटणी करा. प्रत्येकापुढे लिहा : स्मृती कुठे आहे? ती दिसते का? दिवा असेल तर तो आज्ञेची साक्ष देतो की कामाची? गॅस गिझर, इन्व्हर्टर, शिलाई मशीनची मोटर, सायकलचा डायनॅमो, काहीही चालेल.

४. गावात कोणाकडे मोबाईल स्टार्टर असेल तर त्यांना विचारा : मोटर खरोखर सुरू झाली, हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरांची नोंद ठेवा. यंत्र वापरणाऱ्याने शोधलेल्या खुणांतून पुष्कळदा यंत्र बनवणाऱ्यालाच शिकायला मिळते.